'लॉर्ड ऑफ द वर्ल्ड': कॅथलिक श्रद्धा, इहवादी विचारसरणी आणि डिस्टोपियाची सुरुवात



मागच्या व्याख्यानात आपण थॉमस मोरच्या 'युटोपिया'पाशी थांबलो होतो. आज तिथून साधारण चारशे वर्षं पुढे जायचं आहे. डिस्टोपिया म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे ऑर्वेल येतो, हक्सली येतो, थोडं जास्त वाचलेलं असेल तर रशियन लेखक झाम्यातिन येतो. पण या तिघांच्याही आधी, १९०७ साली, इंग्लंडमधल्या एका कॅथलिक धर्मगुरूने 'लॉर्ड ऑफ द वर्ल्ड' नावाची कादंबरी लिहिली. म्हणजे 'जगाचा स्वामी'. लेखकाचं नाव रॉबर्ट ह्यू बेन्सन. आज तिच्याबद्दल बोलायचं आहे.

साहित्य म्हणून ती फार थोर आहे असा माझा दावा नाही. पात्रं कधीकधी फारच भाषणं देतात. पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यासाठी ती महत्त्वाची आहे, कारण तिच्यात दोन प्रश्न अगदी स्वच्छ मांडलेले आहेत. पहिला प्रश्न: समाजातून धर्म मागे सरला, की ती जागा रिकामी राहते, की दुसरं काहीतरी धर्मासारखंच येऊन तिथे बसतं? आणि दुसरा: त्या नव्या गोष्टीला जो 'नाही' म्हणतो, त्याचं काय होतं? हा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. शेवटी आपण त्याच्याकडेच येणार आहोत.

आधी शब्दांबद्दल

दोन शब्दांचा खुलासा करून घेऊ, नाहीतर पुढे गोंधळ होईल.

'डिस्टोपिया' हा शब्द कादंबऱ्यांच्या कितीतरी आधीचा आहे. १८६८ साली जॉन स्टुअर्ट मिलने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये, आयर्लंडवरच्या चर्चेत, सरकारला टोमणा मारताना तो वापरला. युटोपिया म्हणजे इतकी चांगली व्यवस्था, की ती प्रत्यक्षात येणार नाही. डिस्टोपिया म्हणजे इतकी वाईट, की ती येऊ नये. कथा-कादंबऱ्यांना हा शब्द पुढे विसाव्या शतकात चिकटला.

दुसरा शब्द 'इहवाद'. 'सेक्युलरिझम' हा इंग्रजी शब्द १८५१ साली जॉर्ज होलिओकने घडवला. मराठीत आपण त्याला कधी इहवाद म्हणतो, कधी धर्मनिरपेक्षता. या दोन शब्दांच्या छटा वेगळ्या आहेत आणि आज त्याचा आपल्याला उपयोग आहे. राज्याने कोणत्याही धर्माची बाजू घेऊ नये, ही एक व्यवस्था झाली. तिला मी धर्मनिरपेक्ष राज्य म्हणेन. आणि 'या जगापलीकडे काहीच नाही, माणूस हेच अंतिम सत्य, आणि हे सगळ्यांनी मानलंच पाहिजे' ही झाली विचारसरणी. तिला मी इहवादी विचारसरणी म्हणेन. व्यवस्था माझ्या मनात डोकावत नाही. विचारसरणी मात्र माझ्याकडून होकार मागते. बेन्सन या दोन्हींत फरक करत नाही. आपण करायचा.

लेखक आणि त्याचा काळ

बेन्सनचा जन्म १८७१ चा. वडील एडवर्ड व्हाइट बेन्सन हे १८८३ पासून कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट राजमान्य चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू. घरातले सगळेच लिहिणारे. एक भाऊ ए. सी. बेन्सन, ज्याने 'लँड ऑफ होप अँड ग्लोरी' हे इंग्रजांचं अभिमानगीत लिहिलं. दुसरा ई. एफ. बेन्सन, विनोदी कादंबरीकार. धाकट्या ह्यूला १८९५ साली खुद्द वडिलांच्या हातून अँग्लिकन दीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी वडील गेले. आणि १९०३ मध्ये या मुलाने कॅथलिक पंथ स्वीकारला, १९०४ मध्ये रोममध्ये तो कॅथलिक धर्मगुरू झाला. आर्चबिशपच्या मुलाने रोमची वाट धरावी, ही त्या काळच्या इंग्लंडमध्ये केवढी खळबळजनक गोष्ट असेल, बघा! १९१४ साली, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी तो वारला. 'लॉर्ड ऑफ द वर्ल्ड' आलं तेव्हा त्याला कॅथलिक होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. नव्याने आलेल्या माणसाचा आवेश त्या पुस्तकात आहे. त्याचा फायदाही झाला आहे आणि तोटाही.

आता काळ पाहू. १८७० साली इटलीच्या सैन्याने रोम घेतलं आणि पोपचं राज्य संपलं. १९०५ साली फ्रान्सने कायदा करून चर्च आणि राज्य वेगळे केले. त्याच वर्षी एच. जी. वेल्सचं 'अ मॉडर्न युटोपिया' आलं. त्यात सगळ्या पृथ्वीचं एकच राज्य आहे आणि 'सामुराई' नावाचा शिस्तबद्ध, शहाणा वर्ग ते चालवतो. वेल्ससारख्या लोकांना वाटत होतं, की विज्ञान आणि शासन नीट हाताळलं तर मानवजात एक होईल, युद्धं संपतील. बेन्सनने हे सगळं मान्य केलं. समजा, तुम्ही म्हणता तसंच झालं, पुढे काय? तिथून त्याची कादंबरी सुरू होते.

आणखी एका माणसाचं नाव घ्यायला हवं: ऑग्यूस्त काँत. समाजशास्त्राचा जनक म्हणून आपण त्याला ओळखतो. पण उत्तरायुष्यात त्याने 'मानवतेचा धर्म' स्थापन केला, हे अभ्यासक्रमात सहसा शिकवत नाहीत. ईश्वर नाही. त्याच्या जागी मानवजात, 'महान सत्ता'. पण बाकी सगळं होतं. संस्कार होते, प्रश्नोत्तररूपी धर्मपुस्तिका होती, पंचांग होतं. २८ दिवसांचे १३ महिने, आणि महिन्यांना मोझेस, अॅरिस्टॉटल, शेक्सपिअर अशी नावं. संतांच्या जागी शास्त्रज्ञ आणि कवी. टी. एच. हक्सलीने याची थट्टा केली होती, की हा तर ख्रिस्ती धर्म वजा केलेला कॅथलिक पंथ झाला. लंडनमध्ये या पंथाच्या उपासना होत असत. ब्राझीलच्या झेंड्यावर 'सुव्यवस्था आणि प्रगती' अशा अर्थाचे जे शब्द आहेत, तेही काँतच्याच सूत्रातून आलेले. त्याहीआधी, १७९३ च्या नोव्हेंबरमध्ये, फ्रेंच क्रांतीच्या ऐन भरात, पॅरिसच्या नोत्रदाम कथीड्रलमध्ये 'विवेकाचा उत्सव' झाला होता. म्हणजे धर्म गेला तरी धर्माचा साचा शिल्लक राहतो, हे बेन्सनच्या कल्पनेतून निघालेलं नाही. त्याच्यापुढे शंभर वर्षांचा इतिहास होता.

कथा काय आहे

कथा लेखकापासून सुमारे शंभर वर्षं पुढच्या काळात घडते. जगाचे तीन मोठे भाग झाले आहेत: युरोप, अमेरिका आणि पूर्वेचं साम्राज्य. लोक 'व्होलर' नावाच्या विमानांतून फिरतात, एस्परान्तो ही जागतिक भाषा आहे, इंग्लंडमध्ये मजूर पक्षाने फार पूर्वी सत्ता घेतली आहे. प्रोटेस्टंट पंथ जवळजवळ संपला आहे. पाश्चात्त्य जगात दोनच गोष्टी समोरासमोर उरल्या आहेत, एक कॅथलिक चर्च आणि दुसरा मानवतावाद. रोम शहर पोपला परत मिळालं आहे. त्या बदल्यात इटलीतली बाकीची सगळी चर्चेस त्याने सोडून दिली आहेत.

इथे थोडं थांबून एक गंमत सांगतो. पोपला प्रत्यक्षात जमीन मिळाली ती १९२९ च्या लॅटरन करारानुसार, आणि ती साधारण ४४ हेक्टर.  बेन्सनने अख्खं शहर कल्पिलं होतं!

तर मुख्य पात्रं तीन. पर्सी फ्रँकलिन हा लंडनमधला तरुण कॅथलिक धर्मगुरू. ऑलिव्हर ब्रँड हा पार्लमेंटचा सभासद, सज्जन, कामसू, मानवतावादी. आणि त्याची बायको मेबल. यांच्याशिवाय चौथा एक आहे, ज्युलियन फेल्सनबर्ग. हा अमेरिकन सिनेटर. कुठून आला, कसा वर चढला, कुणालाच नीटसं माहीत नाही. पूर्व आणि पश्चिम यांच्यात महायुद्ध पेटणार असतं. हा माणूस पूर्वेकडे जातो, त्यांच्या भाषांत बोलतो आणि युद्ध टाळतो. सगळं जग त्याच्या पायाशी येतं. तो युरोपचा अध्यक्ष होतो, मग प्रत्यक्षात जगाचाच. त्याने लाच दिलेली नाही, फौज पाठवलेली नाही. त्याने शांतता आणली आहे.

पुढे नव्या उपासनेचा कायदा होतो. मातृत्व, जीवन, पोषण, पितृत्व असे चार उत्सव ठरतात. सेंट पॉल कथीड्रलला आता 'पॉल्स हाउस' म्हणतात. विधी कोण बसवणार? तर फ्रान्सिस नावाचा एक धर्मगुरू, ज्याने चर्च सोडलं आहे. त्याला विधींचं शास्त्र येतं, म्हणून तो नव्या धर्माचा विधिप्रमुख होतो. मला हा तपशील फार बोलका वाटतो. नवी सत्ता जुन्या देवळातला पुजारीसुद्धा वाया घालवत नाही.

मग काही कॅथलिक मंडळी वेस्टमिन्स्टर अॅबी उडवून देण्याचा कट करतात. हे नीट ध्यानात घ्या. कट करणारे कॅथलिक आहेत, आणि पर्सी तो थांबवायला धावतो. पण कटाची बातमी फुटते. लंडनमध्ये कॅथलिकांच्या कत्तली होतात, आणि विमानांचा ताफा जाऊन रोम बेचिराख करतो. पर्सी आता पोप होतो, गुपचूप नाझरेथमध्ये राहतो. इकडे कायदा येतो, की ईश्वरावरची श्रद्धा सोडायला जो तयार नाही त्याला मृत्यू. शेवटी विमानं नाझरेथकडे निघतात, इकडे मूठभर माणसांसह पोप आराधना करत असतो, आणि त्या क्षणी जगाचाच शेवट होतो. ख्रिस्ती परंपरेतला ख्रिस्तविरोधी, म्हणजे अँटिख्राइस्ट, तो हा फेल्सनबर्ग.

मेबलचं काय झालं

बहुतेक वाचक पर्सी आणि फेल्सनबर्ग यांच्या मागे जातात. दोघे दिसायलाही सारखे, तरुण चेहरा आणि पांढरे केस. मला विचाराल तर पुस्तकाचा जीव मेबलमध्ये आहे.

सुरुवातीलाच तिच्यासमोर एक विमान कोसळतं. माणसं तडफडत आहेत. एक धर्मगुरू क्रूस घेऊन मरणाऱ्यांपाशी वाकतो. तेवढ्यात सरकारी 'सुखमृत्यू'ची माणसं पेट्या घेऊन येतात आणि जखमींना शांतपणे संपवतात. सगळं नियमाप्रमाणे, दयेपोटी. मेबलला त्यात वावगं काही वाटत नाही. पण त्या धर्मगुरूचं ते वाकणं तिच्या मनातून जात नाही.

पुढे तिची सासू आजारी पडते. म्हातारी लहानपणी कॅथलिक होती. मरताना तिला धर्मगुरू हवासा वाटतो. गुपचूप निरोप जातो, पर्सी येतो. मुलगा आणि सून दोघंही दुष्ट नाहीत, आईवर त्यांचं प्रेम आहे. पण तिची ही भीती, ही ओढ, त्यांना आजारासारखी वाटते. त्यामुळे तिचा शेवटही सुखमृत्यूनेच होतो. तिने मागितलं होतं वेगळंच. तिच्या भल्याचं काय, ते दुसऱ्यांनी ठरवलं.

हा प्रसंग तत्त्वज्ञानाच्या वर्गात आठवडाभर चर्चा करावी असा आहे. 'दुःख हेच एकमेव वाईट' असं एकदा मानलं, की दुःख संपवणं हे एकमेव कर्तव्य उरतं. मग ज्याचं दुःख आहे त्याला विचारायची गरज उरत नाही. दया आणि सत्ता इथे हातात हात घालून चालतात. बेन्सनने क्रौर्याचं वर्णन केलं असतं तर कुणीही हळहळलं असतं. त्याने दयेचं वर्णन केलं, म्हणून अंगावर काटा येतो.

मेबल मनापासून नव्या धर्माची आहे. तिला वाटतं, आता युद्ध नाही, द्वेष नाही, माणूस शहाणा झाला. मग ती लंडनच्या रस्त्यावर जमावाने केलेली हत्या डोळ्यांनी पाहते. ऑलिव्हर समजूत घालतो, की हे जुन्या रानटीपणाचे अवशेष आहेत, फेल्सनबर्ग हे थांबवेल. पण तोच फेल्सनबर्ग जेव्हा मृत्युदंडाचा कायदा आणतो, तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकते. ती कॅथलिक होत नाही. ती एका सुखमृत्यूगृहात जाते, नियमाप्रमाणे काही दिवस थांबते आणि मरते. ज्या धर्मावर तिचं प्रेम होतं, त्याने तिला दुसरी कोणतीच वाट ठेवलेली नव्हती. अस्वस्थ होणाऱ्या माणसाला द्यायला त्याच्याकडे तेवढंच एक औषध होतं.

बेन्सनचं म्हणणं तीन वाक्यांत सांगायचं, तर असं. धर्म काढून टाकला तरी पूजेची गरज जात नाही. ती जेव्हा मानवजातीकडे वळते, तेव्हा मानवजातीच्या वतीने बोलणाऱ्या एका माणसापाशी जाऊन थांबते. आणि ज्या एकतेला एकही अपवाद सहन होत नाही, ती शांततेच्या नावाने माणसं मारते.

हा विचार त्याच्या एकट्याचा नव्हता. सात वर्षं आधी, १९०० साली, रशियन तत्त्वज्ञ व्लादिमीर सोलोव्ह्योव्हने अँटिख्राइस्टची एक छोटी कथा लिहिली. त्यातला नायक परोपकारी आहे, शाकाहारी आहे, जगात शांतता कशी येईल यावर त्याने गाजलेलं पुस्तक लिहिलं आहे. तो सगळ्या ख्रिस्ती पंथांची परिषद भरवतो आणि प्रत्येकाला हवं ते देऊ करतो. कॅथलिकांना पोपचा जुना अधिकार, ऑर्थोडॉक्सांना प्राचीन वस्तूंचं संग्रहालय, प्रोटेस्टंटांना बायबल संशोधनाची संस्था! बहुतेक सगळे खूश होतात. तीन पंथांतले तिघे वृद्ध आणि त्यांच्याबरोबरचे थोडेसे लोक तेवढे 'नाही' म्हणतात. पुन्हा तोच प्रश्न आला: नाही म्हणणाऱ्याचं काय?

आता दुसरी बाजू

इथवर ऐकून श्रद्धावान श्रोत्यांना बरं वाटलं असेल आणि विवेकवादी श्रोते थोडे चिडले असतील. आता जरा उलट करू. आणि ते बेन्सननेच करून ठेवलं आहे.

'लॉर्ड ऑफ द वर्ल्ड' वाचून अनेक आशावादी ख्रिस्ती वाचक खचले, अशी तक्रार त्याच्या कानावर आली. म्हणून १९११ साली त्याने 'द डॉन ऑफ ऑल' लिहिली. इथे सगळं उलटं. एक माणूस इस्पितळात मरणपंथाला आहे आणि त्याला १९७३ सालचं जग दिसतं. त्या जगात कॅथलिक श्रद्धा जिंकली आहे. राजे पोपपुढे नम्र आहेत, विज्ञान आणि चर्च यांचं भांडण मिटलं आहे, आयर्लंड ही जणू ध्यानभूमी झाली आहे. ज्यांना हे नको आहे, त्या समाजवाद्यांना अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये वसाहत दिली आहे.

आणि या सुंदर जगात डॉम एड्रियन बेनेट नावाच्या एका तरुण बेनेडिक्टाइन भिक्षूला पाखंडासाठी मृत्युदंड होतो. खटला चर्चच्या न्यायालयात, शिक्षा राज्याच्या कायद्याने. कथानायक मॉन्सिन्योर मास्टरमन हादरतो. त्याला कळेना, की ज्या धर्माचा देव स्वतः क्रूसावर मारला गेला, त्या धर्माने हे कसं करावं? गंमत म्हणजे, शिक्षा झालेला तो तरुणच त्याला समजावतो, की समाजाला स्वतःचं रक्षण करण्याचा हक्क आहे. मास्टरमन हळूहळू शांत होतो. वाचक होत नाही. निदान मी तरी होत नाही.

दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवा. पहिल्यात ईश्वर मानला म्हणून माणूस मरतो. दुसऱ्यात ईश्वर योग्य रीतीने मानला नाही म्हणून माणूस मरतो. पहिल्याला लेखक डिस्टोपिया समजतो आणि दुसऱ्याला जवळजवळ युटोपिया. पण मरणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर? दोन्हीकडे त्याच्याकडून मनाचा होकार मागितला जातो आणि तो देत नाही म्हणून त्याचा जीव घेतला जातो. बेन्सन प्रामाणिक लेखक होता, म्हणून त्याने ही अडचण झाकली नाही. तो तिच्यातून बाहेर मात्र पडू शकला नाही. याचं कारण सुरुवातीला सांगितलं तेच: दोन विचारसरणींच्या मधे एक तिसरी गोष्ट असू शकते, म्हणजे मनात न डोकावणारं राज्य, हे त्याच्या नकाशावरच नव्हतं.

इथे थॉमस मोर पुन्हा आठवतो. त्याच्या 'युटोपिया'त आत्म्याचं अमरत्व न मानणाऱ्याला शिक्षा नाही, पण सार्वजनिक पदही नाही. प्रत्यक्षात मात्र मोर इंग्लंडचा चॅन्सेलर असताना पाखंडी ठरवलेल्या माणसांना जाळलं गेलं, आणि त्याला ते मान्य होतं. पुढे १५३५ साली राजाला चर्चचा प्रमुख मानणारी शपथ त्याने घेतली नाही, म्हणून त्याचंच डोकं उडवलं गेलं. एकाच आयुष्यात एकच माणूस मेजाच्या दोन्ही बाजूंना बसला. चर्चने १९३५ साली त्याला संत ठरवलं.

पुढच्या डिस्टोपिया

१९२०-२१ च्या सुमारास झाम्यातिनने 'वी' लिहिली. तो स्वतः जुना बोल्शेविक, कॅथलिक वगैरे काही नाही. पण त्याच्या राज्यात 'एकमताचा दिवस' आहे, त्या दिवशी सगळे मिळून 'उपकारकर्त्या'ला पुन्हा निवडतात, आणि निवेदक त्याची तुलना चक्क ईस्टरशी करतो. १९३२ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये क्रूसांची वरची टोकं छाटून फोर्डच्या मोटारीच्या नावाने 'टी' केला आहे, सामूहिक उपासना आहे, सोमा नावाची गोळी आहे. काँतची थट्टा करणारा तो टी. एच. हक्सली या लेखकाचा आजोबा, हेही लक्षात असू द्या. आणि १९४९ च्या ऑर्वेलच्या कादंबरीत कबुलीजबाब आहे, मनःपरिवर्तन आहे. तिथे सत्तेला विन्स्टनचा नुसता जीव नको, त्याचं मन हवं आहे. हे तिघेही चर्चचे वकील नव्हते, ऑर्वेल तर कॅथलिक चर्चवर सडकून टीका करणारा. तरी विचारसरणी पूजेचा साचा उचलते, हे तिघांनाही दिसलं. म्हणून बेन्सनच्या निरीक्षणाला केवळ धर्मगुरूचा पूर्वग्रह म्हणून सोडून देता येत नाही.

प्रत्यक्ष इतिहासाने काय दाखवलं? मेक्सिकोत १९२६ नंतर सरकारने चर्चवर कडक निर्बंध लादले, बंड झालं, आणि १९२७ साली मिगेल प्रो या धर्मगुरूला गोळ्या घातल्या गेल्या. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूच्या भागात साडेसहा हजारांहून अधिक धर्मगुरू, भिक्षू आणि जोगिणी मारल्या गेल्या. आणि त्याच युद्धात विजयी झालेल्या फ्रँकोच्या राजवटीने कॅथलिक झेंड्याखाली हजारो विरोधकांना गोळ्या घातल्या, तुरुंगात टाकलं. बेन्सनच्या दोन्ही कादंबऱ्या एकाच देशात, एकाच दशकात उतरल्या, असं म्हटलं तर फारसं चूक होणार नाही.

मग चर्चने यातून काय घेतलं? ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्यावरचा जाहीरनामा मंजूर केला. त्याचा गाभा असा, की श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती होता कामा नये, आणि हा हक्क माणसाच्या प्रतिष्ठेतून येतो. ज्याची समजूत चर्चला चुकीची वाटते, त्यालाही हा हक्क आहे. याच्या शंभर वर्षं आधी, १८६४ साली, पोप नववे पायस यांनी काढलेल्या चुकांच्या यादीत यातल्या बऱ्याच कल्पना होत्या. म्हणजे डॉम एड्रियनचा प्रश्न मास्टरमनने गिळला, पण चर्चला तो शेवटी सोडवावा लागला.

समारोप

या कादंबरीची आठवण अलीकडे पुन्हा निघाली ती पोप फ्रान्सिस यांच्यामुळे. जानेवारी २०१५ मध्ये मनिलाहून परतताना विमानात पत्रकारांशी बोलताना त्यांनी ती वाचण्याची शिफारस केली. श्रीमंत देश मदतीच्या बदल्यात गरीब देशांवर आपले विचार लादतात, याला ते 'वैचारिक वसाहतवाद' म्हणत होते. ते म्हणणं पटो न पटो, कादंबरीचा मुद्दा त्यांनी बरोबर पकडला होता.

पण कादंबरी वाचताना एक पथ्य पाळा. ती हातात घेऊन 'बघा, नास्तिक असे असतात' असं म्हणणं सोपं आहे. तसं वाचलं तर ती फुकट गेली. तिच्यातून एक कसोटी घ्या आणि ती सगळ्यांना लावा. एखादी व्यवस्था किती शांतता आणते, किती दया दाखवते, किती भव्य उत्सव करते, हे नंतर पाहू. आधी पाहायचं, की मरताना धर्मगुरू मागणारी म्हातारी तिथे सुरक्षित आहे का? चर्चचं मत न पटलेला तरुण भिक्षू सुरक्षित आहे का? आणि मेबलसारखं, ज्याला दोन्हीकडचं पटत नाही, अशा माणसाला जगायला जागा आहे का? तिन्ही उत्तरं 'हो' असली पाहिजेत. दोन चालणार नाहीत.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: म्हणजे धर्मनिरपेक्षता शेवटी हुकूमशाहीकडेच जाते, असं तुमचं म्हणणं आहे का?

उत्तर: नाही. उलट मी म्हणतो, की कसोटीतली ती तिन्ही माणसं एकत्र सुरक्षित राहतील अशी आपल्या माहितीतली व्यवस्था म्हणजे धर्मनिरपेक्ष राज्यच. पण त्या राज्याने स्वतःला धर्म समजू नये. नागरिकाने कायदा पाळावा एवढंच त्याने मागावं, त्याच्या मनात काय आहे हे विचारू नये. ज्या दिवशी ते विचारायला लागेल, त्या दिवशी ते धर्मनिरपेक्ष उरणार नाही, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

प्रश्न: आधी कोणती कादंबरी वाचावी?

उत्तर: 'लॉर्ड ऑफ द वर्ल्ड' आधी, आणि लगेच 'द डॉन ऑफ ऑल'. एकच वाचली तर अर्धंच वाचल्यासारखं होईल. दुसरी जरा कंटाळवाणी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पण डॉम एड्रियनचं प्रकरण येईपर्यंत सोडू नका.